बाग गप्प का झाली?

बाबा : खिडकी लाव आधी. दारही लोटून घे. मला जे विचारायचंय ते त्या माळ्याच्या कानावर जायला नको.

लेक : माळीदादा मंचावर कुंड्या मांडतायत बाबा, सभागृहाच्या पार त्या टोकाला. बरं, लावली. विचारा.

बाबा : पहाटेच्या रेकॉर्डिंगमध्ये तू काय घातलंस?

लेक : मी? घालणार काय, बँडबाजा?

बाबा : हसण्यावारी नेऊ नकोस. सकाळी तू फोनवर म्हणालीस, "बाबा, फुलटोच्या आहे यात." त्यानंतर मी ते सगळं पुन्हा पुन्हा ऐकलं. कावळा आहे, पारवे आहेत, फाटकाची कुरकुर आहे, माळ्याचा खोकला आहे. फुलटोच्या नाही.

लेक : आहे.

बाबा : कुठे आहे?

लेक : कावळ्यानंतर सुरू होतो आणि पुढे शेवटपर्यंत आहे. टिक टिक टिक. मला तर नंतर नंतर नको झालं.

बाबा : छान. अंगठ्याएवढा पक्षी. मी रोज सकाळी या बागेत फिरतो, मला एकदाही भेटत नाही. आणि नेमका माझ्या व्याख्यानाच्या दिवशी तुझ्या लॅपटॉपमध्ये येऊन बसतो. प्रश्न असा आहे की तो तिथे आला कसा?

लेक : रेकॉर्डर तुम्हीच झाडाला बांधलात, तुम्हीच सोडून आणलात. मी फक्त कार्डावरून उतरवून घेतलं.

बाबा : उतरवून घेताना! तिथेच तर जागा आहे. तू दिवसभर तेच करतेस ना? लोकांच्या बोलण्यातले खोकले काढायचे, नसलेल्या टाळ्या घालायच्या.

लेक : ते जाहिरातींसाठी, बाबा. पोटापाण्यासाठी. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मी कशाला काही घालू?

बाबा : माळ्यासाठी. तुला त्याची दया येते. परवाच म्हणालीस, "बिचाऱ्याची नोकरी जाईल."

लेक : जाईलच. तुम्ही थोड्या वेळात भरल्या सभागृहात सांगणार की माळी चोरून विषारी औषध फवारतो आणि त्यानं बारके पक्षी गेले. बाग खात्याचे साहेब समोर बसणार. त्यांनी तुम्हाला सांगूनच ठेवलंय, "सर, तुम्ही जाहीर बोला, मी त्याचं कंत्राट पुढे चालवत नाही." मग दुसरं काय होणार?

बाबा : होऊ दे. बाग मारणाऱ्याची गय कशाला करायची? बागेतल्या त्याच्या कोठीला दिवसाढवळ्या आतून कडी असते. आत निळा ड्रम आहे. त्यात काय आहे म्हणून विचारलं की हा गुलाबांवर बोलायला लागतो. आणि तो वास! डोळ्यांत पाणी येईल असा उग्र.

लेक : म्हणजे वास, ड्रम आणि कडी. यावर एका माणसाची नोकरी घालवायची?

बाबा : आणि फुलटोच्या. तो मुख्य पुरावा. तुला आठवतं का गं, तू कॉलेजात असताना इथून चालत जायचो आपण? डोक्यावर नुसती टिकटिक असायची. मान वर केली की दिसायचाच कुठेतरी. मग तो कमी झाला. मग लांब लांब गेला. आणि आता बाग मुकी झालीये. मला बागेतल्या बाकावर बसवत नाही. खरंच बसवत नाही.

लेक : बाबा, इकडे या. हा पडदा बघा. हा आवाजाचा आलेख. खाली जाड आवाज, वर बारीक आवाज. हा खालचा जाड पट्टा दिसतोय ना, तो कावळा. हे फाटक. आणि हे वर बघा, बारीक टाके घातल्यासारखं. ओळीनं. तो फुलटोच्या.

बाबा : तेच म्हणतोय मी. टाके घातल्यासारखं. कुणी घातले?

लेक : अहो, मी नाही घातले!

बाबा : मग ऐकू का येत नाहीत? हे लाव. मोठ्यानं लाव.

लेक : लागलंय.

बाबा : कावळा.

लेक : हो.

बाबा : फाटक. … आता?

लेक : आता तोच. … आत्ताही तोच.

बाबा : काही नाही. नुसती खरखर. तू माझी थट्टा करते आहेस की फसवते आहेस, तेवढं एकदा सांगून टाक.

माळी : येऊ का सर? दार लोटलेलं होतं, म्हटलं झोपलात का काय.

बाबा : या. किती वेळ उभे होता बाहेर?

माळी : आत्ताच आलो की. कुंड्या मांडल्या. पण ताई, ते माइकचं टेबल मध्ये आलंय, त्यामुळे मोठ्या पानांची कुंडी कडेला गेली. चालेल का?

लेक : चालेल, दादा.

माळी : आणि सर, एक विचारायचं होतं. साहेबांचा निरोप आला, आज व्याख्यानाला हजर राहा. मला! मी आपला विचार करतोय, आपल्याला कशाला बोलावलं असेल? मग बायको म्हणाली, अहो कंत्राट संपतंय तुमचं, सर बागेवरच बोलणारेत, दोन शब्द तुमच्याबद्दल चांगले बोलतील, म्हणून बोलावलं असेल. इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलंय बघा तिनं. बोलणार आहात का सर? नाही, आधी कळलं तर बरं. मला उगाच लाजल्यासारखं होतं लोकांत.

बाबा : तुमच्या कोठीतल्या ड्रममध्ये काय असतं?

माळी : ड्रममध्ये? साबणाचं पाणी.

बाबा : साबणाचं पाणी कशाला लागतं बागेत?

माळी : आता बघा, गुलाबाला मावा येतो. साबणाचं पाणी मारलं की जातो. औषधं मागून मागून थकलो, खातं देतंय कुठे? तुम्हाला तर मागं गुलाब दाखवले होते, तुमचं लक्ष नव्हतं.

बाबा : मग दुपारी कडी लावून आत काय करता?

माळी : ताईंच्या समोर कशाला सर.

बाबा : समोरच सांगा.

माळी : झोपतो. घटकाभर. पहाटे पाणी सोडायला उठावं लागतं हो. आणि पाठ धरते, म्हणून मलम चोळून पडतो. साहेबांना तेवढं सांगू नका. तशीही धड झोप लागते कुठे? ते वर झाडावर एक बारकं बसलेलं असतं, टिक टिक, टिक टिक. घड्याळ गिळल्यासारखं. एकदा तर चप्पल फेकून मारली त्याला.

लेक : ऐकलंत, बाबा?

बाबा : ऐकलं. चांगलं ऐकलं. हे बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं?

माळी : काय शिकवलं?

बाबा : हे टिकटिकीचं. हिनं सांगितलं ना तुम्हाला, सरांनी विचारलं की असं सांगा?

माळी : ताई तर आल्यापासून वायरींच्या गुंत्यात होत्या. माझं काही चुकलं का सर? चप्पल लागली नाही हो त्याला. उलट माझीच पन्हाळीत अडकली.

लेक : दादा, तुम्ही जरा बाहेर थांबता का? लांब जाऊ नका. … गेले. बाबा, हे अति होतंय. मला खोटं पाडलंत, ठीक आहे, मी घरची आहे. त्यांना कशाला?

बाबा : मी त्याला खोटारडा म्हणत नाही. तुलाही नाही, कदाचित. मेंदूवरच्या व्याख्यानात मी काय सांगतो? ऐकतो तो कान नव्हे, ऐकतो तो मेंदू. आणि मेंदूला नसलेलंही ऐकू येतं, शेजारच्याला ऐकू आलं की. त्या शाळेतलं उदाहरण मी दर वेळी देतो ना?

लेक : देता. दर वेळी.

बाबा : लॅपटॉपवरच्या शिट्टीचा सूर चढत चढत जातो. ऐकू येईनासा झाला की हात खाली करायचा. माझा हात खाली, शिक्षकांचे हात खाली, आणि पुढच्या रांगेतल्या मुलींचे हात वरच. आवाज संपला तरी वर! एकीचं बघून दुसरीचा. आणि ती कडेची, दोन वेण्यांची, ती तर शेवटपर्यंत. मी उभं केलं तिला. "बाळ, नसलेलं ऐकू येतंय का तुला?" सगळी शाळा हसली.

लेक : ती नव्हती हसली.

बाबा : मुद्दा तो नाही. तुमचं तसंच झालंय. तुला वाटतंय आहे, म्हणून तुला ऐकू येतं. तू कधीतरी त्याच्यापाशी बोललीस, म्हणून त्याला ऐकू येतं. एकमेकांचं बघून वर केलेले हात आहेत हे.

लेक : मग बघू देऊ नका एकमेकांचं.

बाबा : काय?

लेक : परीक्षा घ्या आमची. कशी घ्यायची ते तुम्हीच ठरवा. मला कशातलं काही विचारू नका.

बाबा : घेतो. खरंच घेतो. थांब. तो बाहेर झाडाखाली, पाठ इकडे. तू आत, तोंड भिंतीकडे, डोळे मिटून. ऐकू आलं की हात वर, थांबलं की खाली. तोंडातून शब्द काढायचा नाही. मी खिडकी उघडून तिथेच उभा, मला दोघंही दिसतील. … अहो माळीबुवा!

माळी : आँ?

बाबा : त्या झाडाखाली जाऊन उभे राहा. पाठ माझ्याकडे करा. ती तुमची टिकटिक ऐकू आली की हात वर करायचा. बंद झाली की खाली.

माळी : हे व्याख्यानातलं आहे का सर?

बाबा : व्याख्यानातलंच आहे.

माळी : मग ठीक. शर्टाची घडी मोडेल तेवढी, पण ठीक.

लेक : मी वळले. डोळे मिटले.

बाबा : गप्प. … तुझा वर. … त्याचाही वर. … खाली. खाली. … योगायोग.

लेक : मी काही बोलले का?

बाबा : … वर. दोघांचे. … अजून वरच. … खाली. … हा आला! हा बघा, आत्ता आला! … कुणीच हात वर केला नाही.

लेक : कारण आत्ता नव्हता.

बाबा : ते मला माहीत होतं. म्हणजे, माहीत नव्हतं. मी मुद्दाम म्हटलं. … वर. … त्याचाही.

(खिडकी उघडी आहे. माळ्याचा हात वरच आहे, लेकीचाही.)

माळी : सर, हात दुखायला लागला हो! तो थांबतच नाहीये!

लेक : बाबा?

बाबा : त्याला सांग, खाली कर म्हणावं. सांग, झालं.

लेक : दादा, झालं! पाणी प्या! … बाबा, बसा. खुर्ची मागेच आहे.

बाबा : तो आत्ता गात होता? एवढा वेळ?

लेक : हो.

बाबा : त्या झाडावर. इथून दहा पावलांवर.

लेक : हो.

बाबा : मला वाटलं लांब गेला. मला वाटलं कुणीतरी मारला. आणि मान वर कशी करणार मी? आवाज आल्याशिवाय मान वर होते का कुणाची? नुसता समोर बघत चालत होतो रोज. … कधीपासून माहीत आहे तुला?

लेक : थर्मामीटरपासून. ताप आला होता तेव्हा तुम्ही तो तोंडात धरून बसला होतात. तो केव्हाच वाजून गेला होता, आई आतून ओरडली, "अहो काढा!" तुम्ही म्हणालात, बिघडलाय. नवा आणलात. तोही बिघडलेला निघाला.

बाबा : मी दुकानदाराशी भांडून आलो.

लेक : तिसराही आणलात.

बाबा : तिला माहीत आहे?

लेक : आई तर लग्न झाल्यापासून सांगतेय की तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणूनच कुणी मनावर घेतलं नाही.

बाबा : आणि तू? तू का नाही सांगितलंस? तुलाही वाटलं ना, म्हातारा बिथरेल?

लेक : वाटलं. भीती वाटली. निवृत्तीनंतर तुम्ही या व्याख्यानांवर जगताय. कुणी म्हणालं, सरांना ऐकू येत नाही, तर तुम्ही ती बंद कराल असं वाटलं. म्हणून मी गप्प बसले, आणि माळीदादांवर बालंट आलं. आजही तुम्ही मला चोर ठरवलं नसतं ना, तर कदाचित गप्पच बसले असते. त्याची मला लाज वाटतेय.

बाबा : नेमका मलाच पत्ता नाही. सभागृहं भरून लोकांना मेंदू समजावतो मी. अरे, मग माझ्या मेंदूनं मला एक शब्द तरी कळवायचा!

लेक : तुम्हीच सांगता, मेंदू रिकामी जागा दाखवत नाही. ती गुपचूप बुजवतो.

बाबा : माझी रिकामी जागा त्यानं माळ्याला घालून बुजवली. फसवल्यासारखं वाटतंय गं. आणि कुणाची कॉलर धरावी ते कळत नाहीये. … थांब. थांब जरा. ती शाळा.

लेक : बाबा, ते नंतर.

बाबा : नाही, आत्ता. लॅपटॉपपाशी तू होतीस. मी हात खाली केला तेव्हा आवाज थांबला होता का?

लेक : कशाला विचारता?

बाबा : सांग.

लेक : नव्हता थांबला. सूर अजून चढत होता. मुलींना येत होता. मला येत होता.

बाबा : ती दोन वेण्यांची?

लेक : तिला शेवटपर्यंत येत होता. तुम्ही तिला उभं केलंत, तेव्हा मी घाईघाईनं बंद केला. मग तिनं हात खाली घेतला. म्हणजे बघा, तेव्हाही तिनं बरोबरच केलं.

बाबा : आणि मी तिच्यावर सगळी शाळा हसवली. त्यानंतर गावोगाव तीच गोष्ट सांगून हशे घेतले.

लेक : शाळा आहे तिथेच, बाबा. जाऊ आपण.

बाबा : जायचंच. शिट्टी घेऊन जायचं. त्या पोरीला सगळ्यांसमोर मंचावर बसवायचं आणि परीक्षा माझी घ्यायला लावायची. … नाव काय तिचं?

लेक : विचारलंच नाही आपण.

बाबा : ते आधी विचारायचं.

माळी : सर, लोक यायला लागले. साहेबपण आलेत, पुढे बसलेत. मला म्हणाले, तू इथेच माझ्या शेजारी बस. मला काही ते लक्षण बरं वाटेना. सर, काही असेल तर आत्ताच सांगा. तुम्ही ड्रमचं विचारलंत, झोपेचं विचारलंत, मग हात वर करायला लावलेत. मी खुळा नाही हो. माझ्यावर काहीतरी आहे.

बाबा : होतं. माझ्याकडून होतं. तुम्ही बागेत विष मारता, असं मी आज सांगणार होतो.

माळी : मी? अहो, त्या बागेत माझी पोरं रांगलीयेत!

बाबा : मला तो पक्षी ऐकू येईना. तेव्हा वाटलं, तुम्हीच मारला. दोष माझ्या कानाचा निघाला. आता तुम्हाला राग आला असेल तर तो बरोबर आहे.

माळी : आला. आलाच की. … आता काय करायचं म्हणता?

बाबा : साहेबांच्या शेजारी ताठ बसा. मी जे बोलणार होतो ते साहेबांना आधीच बोलून बसलोय, ते चार लोकांत मागे घेईन. तुमचे गुलाबही सांगेन. झोप नाही सांगणार.

माळी : आणि मलम?

बाबा : मलमही नाही.

माळी : बरं. मग बसतो. पण सर, हे सगळं झालं की तुम्ही एकदा दुपारी या कोठीत. नुसते येऊन बघा. माझा राग जायला तेवढं लागेल.

लेक : … गेले. बाबा, बाहेर फलकावर विषय लिहिलाय, "बाग गप्प का झाली?" बदलून येऊ का?

बाबा : नको. विषय बरोबर आहे. तू ते पहाटेचं रेकॉर्डिंग लाव, कावळ्यापासून. मी लोकांना सांगेन, फुलटोच्या ऐकू आला की हात वर करा. बघू किती हात वर जातात.

लेक : आणि तुम्ही?

बाबा : मी हात खाली ठेवून उभा राहीन. पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना दिसेल असा. … तू का रडतेस?

लेक : काही नाही. माइक लावते. चला. खिडकी लावून घेऊ का? कागद उडतायत तुमचे.

बाबा : तो गातोय का अजून?

लेक : गातोय.

बाबा : मग राहू दे उघडी.